प्रश्न चौथा, अ

उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बारकोड असतो.
तरी ही उघडताच मला शिंक आली.

नोव्हेंबरात नंदुरबारला शिंका येतातच.
गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या
की वारा कुठून येतोय ते नाक सांगतं.
पण ही शिंक कागदातून आली :
पान सात, उजवा कोपरा,
अंगठ्याचा लालसर ठसा.

नायजेरियातील समाज आणि प्युब्लो समाज यांच्या
आर्थिक व सामाजिक स्थितीची तुलना करा. गुण दहा.
प्रश्न मीच काढलेला.
मे महिन्यात, पंख्याखाली, पाच मिनिटांत.
आदर्श उत्तरात पाच मुद्दे, मुद्द्याला दोन गुण.

पोरीनं, अक्षरावरून पोरगीच असावी,
आधी रीतसर तक्ता आखलाय.
पट्टी नसावी, रेघ जरा नागमोडी.
डावीकडे तेल, भुईमूग, बाजार चालवणाऱ्या बाया,
आठवड्याला पैसे गोळा करून
एकीला उचल द्यायची रीत.
पुढे कंसात : आपल्याकडची भिशी.
उजवीकडे मका, मातीची भांडी,
मातीची सपाट छपरं, वर चढायला शिडी,
काही गावांत घर बाईच्या मालकीचं.
पुढे कंस काढलाय. रिकामा.

त्या रिकाम्या कंसाशी मी थांबलो.
चहा आला, गार झाला.

म्हसावदला आमचं धाब्याचं घर होतं.
उन्हाळा सरता सरता गाढवांवरून खारी माती यायची,
आई शिडीनं वर चढून ती पसरायची, चोपायची.
मी मागोमाग गेलो की ओरडायची,
पाय जपीसन ठेव,
धाबं नई शे हाई, आंग शे मन्हं.
घराचा उतारा वडलांच्या नावे होता.
वीस वर्षं प्युब्लो शिकवतोय.
फळ्यावर शिडी काढतो, चांगली काढतो.
आमची शिडी त्या फळ्यावर कधी आली नाही.

तक्ता संपतो तिथं पोरीनं लिहिलंय :

"दोन्हीकडे मिरची वाळवतात.
एकीकडे दाराला माळा लावतात,
दुसरीकडे रस्त्याकडेला पसरतात.
पुस्तकात फोटो आहे, पण मिरचीचाच.
वाळवणारी बाई फोटोच्या बाहेर असेल.
माझी आई रेलीबाई पथारीवर देठ खुडते.
मजुरी किलोवर. काटा मुकादमाचा.
पाटी काट्यावर ठेवली की
तो पाटीचे म्हणून दोन किलो कापतो.
पाटी अर्ध्या किलोचीपण नाही.
सर, तुलना करायची तर
दोघांना एका काट्यावर ठेवावं लागतं.
प्रश्नात काटा दिलेला नाही."

आणि खाली, घंटा व्हायला आल्यासारखं घाईत :

"एका बाजूला वीस कोटी माणसं, शेकडो भाषा.
दुसऱ्या बाजूला वीसेक गावं.
अशी पाटी तर मुकादमपण भरत नाही."

शेजारच्या टेबलावरून गिरासे सर म्हणाले,
मुद्दे आलेत का तेवढं बघा,
बाकी पाल्हाळ.
अजून दीडशे पेपर आहेत.

मी मुद्दे मोजले. चार.
पाचवा निष्कर्षाचा.
आदर्श उत्तरात तो असा होता :
दोन्ही समाज विकासाच्या वाटेवर आहेत.
हे वाक्य मी कुठून आणलं, आठवत नाही.
तिनं लिहिलं नव्हतं.
शेवटच्या ओळीखाली नुसती अर्धी रिकामी जागा,
तिथंही तो लाल ठसा, पुसटसा.

आठ लिहिले.
दोन कापले.

पेन टेकवून आकड्याकडे बघत राहिलो.
पाटीचे, असं तोंडून निघून गेलं.
काय म्हणालात, गिरासे सरांनी विचारलं.
काही नाही सर.
ठसका लागला.