काचपट्टी

सिमरोलच्या घाटात परवा रात्री ट्रकनं रोही उडवला.
वनरक्षक पहाटे बर्फाच्या डब्यातून रक्त घेऊन महूला आला,
जांभई देत म्हणाला, नर होता, घोड्याएवढा,
अंगावर एक ओरखडा नव्हता, ट्रकचा सोडून.

थेंब ठेवला. दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढला.
पातळ, जिभेच्या आकाराचा पट्टा यायला हवा,
तो आला.
मग गिम्साचा रंग, अर्धा तास,
तेवढ्यात चहा.

शंभराच्या भिंगाखाली, तेलात,
गुलाबी पेशी, आणि त्यांच्या पोटात
स्वल्पविराम.
काही अंगठ्या, इतक्या बारीक
की त्या घालील असं बोट अजून जन्मायचंय.

हा आजारी नव्हता.
रोज रात्री डोंगर उतरून सोयाबीन खायचा
रक्तात बिऱ्हाडं ठेवून,
आणि त्याला पत्ता नव्हता.

मंगळवारची पट्टी अजून ट्रेमध्ये आहे:
धापूबाईची केवडी, संकरित, दुसरं वेत,
ताप एकशे सहा, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी,
कानाच्या आत गोचिडी, एरंडीच्या बियांसारख्या टच्च.
तेच स्वल्पविराम. जरा दाट.

"बेन, यो रोजड़ा को रोग हे कई?"
धापूबाईचा मुलगा तारेचे भाव काढून आला होता.
तार रोही ओलांडतो, हे त्याला ठाऊक होतं.
मी गोचिडीचं सांगितलं:
पोटभर पिऊन गळते, पाचोळ्यात कात टाकते,
मग गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून थांबते,
जो येईल त्याची.
तिला तार दिसतसुद्धा नाही.

आणि केवडी? उन्हाळाभर
त्याच डोंगरात चरत होती की.
हे मी म्हटलं नाही. धापूबाईच म्हणाली,
पदरानं गायीचा कान पुसत, खालच्या आवाजात,
मुलाला ऐकू जाणार नाही असं.

कोणी कोणाला दिलं?
हिऱ्याच्या पेन्सिलीनं मी कोपऱ्यात नंबर कोरते,
काच त्याच्या पलीकडचं बोलत नाही.

केवडी आठव्या दिवशी उठली. दूध निम्म्यावर.
रोहीचा फॉर्म आज भरतेय.
मालकाचं नाव: वनरक्षकानं लिहिलंय, सरकार.
लक्षणे: काही नाहीत.
संसर्गाचा स्रोत:

पेनची शाई वाळते आहे.
बाहेर कुणीतरी म्हैस उतरवतंय टेम्पोतून,
तिचा कान मी इथूनच बघते.