बदली गोली

माझं बोट शटरखाली आलं, खडकी बाजारात,
काकाच्या दुकानाच्या, शनिवारी रात्री,
आणि सोमवारी आमची क्वार्टर फायनल.
एवढ्याशा कारणाने दस्तगीर शिकलगार
इतिहासात... नाही, इतिहास फार मोठा शब्द झाला,
नेहरूनगरच्या टर्फवर आला.

तोवर तो बाकावर होता.
बाकावर म्हणजे बाकाच्या टोकाला, पाण्याच्या कॅनपाशी.
दोन वर्षांत अकरा मिनिटं खेळलेला,
त्यातली सात शाळेच्या पोरांविरुद्ध.
मुदलियार सर म्हणायचे,
"ए पोरा, तू उभा आहेस का बसलास?"
आम्ही हसायचो. तोही हसायचा.
सगळ्यांत जास्त मी हसायचो, हे लिहून ठेवतो.

पहाटे तो अंडी पोचवायचा.
कॅरिअरवर बारा ट्रे, सुतळीने आवळलेले,
बाजारापासून रेंजहिल्सच्या क्वार्टर्सपर्यंत.
गतिरोधक आला की सीटवरून उठायचा,
धक्का गुडघ्यांत घ्यायचा, मुरवायचा,
आणि पुढे.
एका ट्रेत तीस. हिशेब तुम्हीच करा.
फुटलेलं त्याच्या पगारातून जायचं.

माझे पॅड त्याला दिले. द्यावेच लागले.
मामाने जालंधरहून आणलेले, कातडी पट्ट्यांचे.
त्याला ते मांडीपर्यंत यायचे, पट्टे सैल पडायचे.
त्याने खिळा तापवला
आणि प्रत्येक पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं,
मला न विचारता.
त्या दिवशी बोटापेक्षा तेच जास्त दुखलं.

कोल्हापूरचा पहिलाच पेनल्टी कॉर्नर
त्याच्या हेल्मेटवर आपटून बारवरून गेला.
नशीब, मी म्हणालो.
दुसरा किकरला लागून बाहेर.
नशीब.
तिसरा, चौथा,
पाचव्याला शब्द तोंडातच राहिला.

सेमीला नागपूर, बरोबरी, शूटआऊट.
आठ सेकंद, एक फॉरवर्ड, एक गोली.
शिट्टी वाजली की गोली सुसाट पुढे धावतो.
मी तरी धावतो.
हा तीन पावलं आला आणि थांबला,
गुडघे किंचित वाकवून,
समोरून रस्त्यावरचा उंचवटा येतोय
आणि मागे तीनशे साठ अंडी आहेत, असा.
चेंडू त्याच्या पॅडवर आदळला नाही,
पॅडवर आला आणि निजला.
एकदा. पुन्हा. पुन्हा.
माझं बोट प्लास्टरमध्ये,
मी एका हाताने मांडीवर टाळ्या वाजवत होतो.
संध्याकाळी पाहिलं तर मांडी लाल.

फायनलचं फार सांगत नाही. जिंकलो.
दोन-एक.
तो एक त्याच्या पायांमधून गेला.
त्याने जाळीतून चेंडू स्वतः काढला,
बाहीला पुसला,
अंपायरच्या हातात दिला,
गिऱ्हाइकाला फुटलेलं बदलून द्यावं तसा,
मान खाली न घालता.

फोटोत तो कडेला आहे, सवयीने.
डावा हात फ्रेमबाहेर कापला गेलाय.
दुसऱ्या दिवशी साडेपाचला मला दूध आणायला पाठवलं होतं.
पुलाजवळ दिसला. सायकल. बारा ट्रे.
मी हाक मारणार होतो,
पण पुढे गतिरोधक होता.

महिन्याने प्लास्टर निघालं. पॅड परत आले,
पुसलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
मी पट्टा आवळला तर बक्कल आपोआप
दुसऱ्या भोकात जाऊन बसलं,
माझ्या पिंडरीला काचलं.
कातडं तिथे मऊ पडलं होतं.
माझ्या भोकाशी ताठच.

मग सरांनी यादी लावली, साखळी फेरीची.
मी दोनदा वाचली. पॅड काढले
आणि त्याच्यापुढे ठेवले.
तो काहीतरी म्हणणार होता, मी म्हटलं, बांध.
आणि जाऊन कॅनपाशी टेकलो.

सर आले, चष्मा वर केला.
"ए पोरा, तू उभा आहेस का बसलास?"
बसलोय, सर.
सगळे हसले.
दस्तगीर पट्टा लावत होता.
तो हसला नाही.