पडद्याच्या मागून

पूर्णा जंक्शनच्या इन्स्टिट्यूटपुढं
दोन बांबूंना ताणून बांधलेलं पांढरं कापड.
पुढच्या अंगाला रेल्वेची माणसं, सतरंजीवर;
मागं आम्ही गावातली पोरं, गोखरूच्या काट्यांत.
मागून सिनेमा फुकट होता
आणि उलटा.

लढाईचा होता. एक पूल, खाली नदी,
दोन फौजांना तोच पाहिजे.
आमच्याकडून सगळे शिपाई डावरे,
डाव्या हातानं सलाम, डाव्या खांद्याला बंदूक.
अक्षरंही उलटी उमटायची,
पण आमच्यात तेव्हा वाचता कुणाला येत होतं?

तिसऱ्या रिळाला वारं सुटलं.
कापड फुगलं
आणि सुरुंग लागायच्या आधीच
पूल मधोमध वाकला.
ठिगळाच्या शिवणीपाशी आलेला माणूस
क्षणभर दोन तुकड्यांत चालायचा,
मग पुन्हा एक होऊन गोळी खायचा.

पूल उडाला तेव्हा दोन्हीकडून टाळ्या पडल्या.
केरबा गँगमन तेवढा उठून उभा राहिला,
इसाकभाईच्या मशीनच्या ऐन उजेडात.
धुराच्या जागी त्याच्या मुंडाशाची सावली.
"ए, बस की खाली!"
तो कुणालाच नाही असं म्हणाला,
"बांधायला किती दिस लागले असतील रे?"

पहाटे, ड्यूटीच्या तासभर आधी,
आमच्या नदीवरच्या पुलावर त्याचा हातोडा ऐकू आला.
खण्ण. खण्ण.
एखादा बोल्ट बद्द वाजला
की बराच वेळ काहीच नाही.

त्याचा मुंजाजी पुढून बघणारा.
वाळूत आमची जुंपली:
"दुश्मन उजव्या काठाला होता."
"कामून? डाव्या!"
"मी डोळ्यानं बघितलं."
"मग मी काय कानानं बघितलं?"
त्यानं माझं बोट पिरगाळलं, मी त्याचा दात हलवला.
दिवस बुडताना दोघांनी मिळून खेकडे भाजले.
काठाचं काही ठरलं नाही.

मुंजाजी पुढं भरती झाला.
दोन वर्षांनी पत्र आलं:
"इथं एक पूल आहे. आठ तास आम्ही राखतो, मग दुसरे.
जागेचं नाव लिहिता येत नाही. थंडी फार.
पहाटे पलीकडचा एक जण हात वर करतो.
मी पण करतो.
त्याचा उजवा का डावा, धुक्यात कळत नाही.
लेका, तुझं तेव्हाचं खरं असेल."

केरबानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.
थंडीचं विचारलं नाही.
पलीकडच्याचंही नाही.
म्हणाला, "गाळे किती हायेत म्हणतो त्या पुलाला?"

मी कागद पालटून बघितला.
मागं नुसती शाई फुटलेली.