मोकळा पाय

आर्तूने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
गॅरेजच्या दारात डास, थर्मासात सकाळचीच कॉफी,
रात्रीचे दहा वाजलेत, तरी बाहेर अजून
पेपर वाचता येईल एवढा उजेड.
पडद्यावर माझी अकरावी फेरी:
निळी रेघ वेगाची, लाल ब्रेकची, हिरवी अ‍ॅक्सिलरेटरची,
आणि करडी स्टिअरिंगची,
बँकेत नाकारलेल्या सहीसारखी थरथरती.

"चौथं वळण बघ," तो म्हणाला.
एकवीस वर्षांचा पोरगा. मनाने वाईट नाही,
पण आकडे मऊ करून सांगायला
अजून कुणी शिकवलेलं नाही त्याला.

चौथं म्हणजे उजवं, उतारावरचं,
बर्चच्या रांगेमागे लपलेलं.
तिथे मी वाघीण आहे असं मला वाटायचं.

लाल रेघ कड्यासारखी चढते, कड्यासारखीच पडते.
मग जरा लांबून हिरवी सुरू होते.
मधल्या जागेत दोन्ही जमिनीला चिकटलेल्या.
शून्य पॉइंट सात सेकंद.

"इथे तू काहीच करत नाहीयेस.
थांबवत नाहीस, पळवत नाहीस.
गाडीचं नाक हलकं होतं, पुढची चाकं रस्ता सोडतात,
आणि तू स्टिअरिंग आणखी पिळत बसतेस."

त्यावर त्याने पिह्लाची फेरी ठेवली.
तिची लाल रेघ कोसळत नाही,
करडी जसजशी वाढते तसतशी ओसरत जाते,
एका ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत
पाणी द्यावं तशी.

मी म्हणाले, सेन्सर सैल असेल.
सेन्सर सैल नव्हता.
पाचव्या वळणावर तेच, नवव्यावर तेच.
मला न विचारता माझा पाय
दर फेरीत तिथे सुट्टीवर जात होता.

घरी जाताना, हरणांच्या पाटीपाशी, लक्षात आलं:
बावीस नंबरची बस. अठरा वर्षं.
आरोग्य केंद्राच्या थांब्यापुढचं वळण.
हेल्वी पेक्करिनेन, वय एक्याऐंशी, चढते आणि बसत नाही,
वॉकरला टेकून उभी राहते, हवामानावर बोलते.
जानेवारीत रस्त्याची काच झालेली.
ब्रेक सोडायचा, आणि लगेच काही करायचं नाही.
आरशात बघायचं.
तिचा तोल तिच्याकडे परत येऊ द्यायचा.
मग अलगद.

रेसच्या गाडीत मागे सीटच नाही.
लोखंडी पिंजरा आणि पेट्रोलचा वास.

"ब्रेक असा सोड," आर्तूने दुसऱ्या दिवशी सांगितलं,
"झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतात तसा."
तुला काय माहीत बाळांचं?
"बहिणीला जुळी आहेत."
आणि लाजला.

तीन फेऱ्या वाया गेल्या.
एकदा पाय घाबरून एकदम उचलला,
तर मागचं टोक बाजूने पुढे आलं,
खिडकीतून बघून जावं तसं,
आणि आम्ही दोघं गवतात.
कुणी हसलं नाही. चिखल मात्र दातांपर्यंत.
सातव्या फेरीत पायाच्या तळव्याला काहीतरी कळलं,
मला कळायच्या आधी:
ब्रेक सुटतोय, चाक वळतंय,
पुढच्या टायरवर गाडीचं वजन अजून बसलेलं,
आणि वळण आपणहून
आतल्या दगडापर्यंत घेऊन जातंय.

आर्तूने मोजलं.
"शून्य पॉइंट दोन. पिह्लाचं शून्य आहे.
थोडं उरलंय, तेही काढू."

मी हेल्मेटची काच पुसत होते.
राहू दे, म्हटलं.
"का? तिथे काय आहे?"
उभी आहे एक जण.

त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग ती जागा मोठी करून
पुन्हा पडद्यात पाहिलं.