निचरा

बॅनरवर तीन लिप्या, आकाराने उतरत्या.
मी तिसऱ्या ओळीची माणूस:
मागच्या कोपऱ्यात प्लायवुडचं खोकं, समोर काच,
दिवसाचे पंधराशे आणि जेवणाचं कूपन.
टिळकवाडीतल्या त्या सभागृहात
दोन दिवस उद्याचं शहर बोलत होतं
आणि मी अर्धं वाक्य मागे राहून
त्याच्या पाठी धावत होते.

'सुस्थिर' आलं की मी म्हणायची 'शाश्वत'.
कंग्राळीचे भरमाण्णा दर वेळी हात जोडत,
देवाधर्माचं काही चाललंय असं वाटून.
'शहरी अवकाश' मी 'मोकळी जागा' करून टाकला,
लगेच कुणीतरी विचारलं, कुणाच्या नावावर आहे?
गल्ली, बाजार, गटार
हे शब्द आले की मला सुट्टी.
दोन्हीकडे तेच. बटण बंद करून पाणी प्यायचे.

मधल्या टेबलावर शहर ठेवलेलं.
थर्माकोलचं, पांढरं, नुकतं न्हाल्यासारखं.
झाडं स्पंजची. माणसं टाचणीच्या डोक्याएवढी,
सगळी कुठेतरी निघालेली,
कट्ट्यावर टेकलेलं एकही नाही. कट्टाच नव्हता.
बळ्ळारी नाला म्हणजे साटीनची निळी फीत.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या जरा आधी,
वडगावची रेणव्वा हलगेकर उठली.
"हे निळं काय ओ?"
नाला, असं कळल्यावर
ती वाकली आणि फितीचा वास घेऊन बघितली.
सगळे हसले. ती हसली नाही. बोलायला लागली.

कुठल्या साली पाणी बांधावरून न येता जमिनीखालून आलं.
बासमती उभ्या उभ्या कशी काळी पडली.
फुलोऱ्यात शिवाराला शिजल्या भाताचा वास यायचा,
आता बांधाला साबणाचा फेस.
"मागावर कुठला रंग चाललाय
ते दुकानदाराच्या आधी आम्हाला कळतंय की,
नाल्यात बघून."
सासऱ्यानं खणलेला एक चर होता,
त्याला नाव होतं, पोरासारखं.
तो बुजवला त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

चार मिनिटं. माझ्या काचेवर घड्याळ होतं.
संयोजक मनगटावर बोट आपटत होते.
मी कन्नडमध्ये सांगितलं:
"त्यांचा प्रश्न निचऱ्याबद्दल आहे."
बेंगळूरच्या वास्तुविशारद बाईंनी मान हलवली,
वहीत एक शब्द लिहिला. महत्त्वाचा मुद्दा, म्हणाल्या.
पुलाव होता. वर कुंदा.

संध्याकाळी शहर दारातून बाहेर निघेना.
आडवं केलं, तिरकं केलं, दोन उड्डाणपूल मोडले,
शेवटी आतच ठेवलं.
आम्ही हेडफोन मोजत बसलो तोवर
मुख्य चौकात मांजर झोपलं होतं.
साठातले एकोणसाठ भरले.
एकाचे पैसे माझ्या मानधनातून.

दुसरं रेल्वे गेट पडलेलं.
स्कूटर, टेम्पो, उसाची ट्रॉली, आणि पुढे ती,
कानात अजून तो हेडफोन.
"काढायचा विसरलो बघ," म्हणाली, "घे."
मग हात मागे घेतला.
"शेजारी बसलेल्या बाईला कन्नड येतंय.
ती म्हणाली, तू एवढंच सांगितलीस.
चार मिनिटं बोललो मी.
बाकीचं कुठं टाकलीस?"

मालगाडी आली. डबे मोजता येतील इतकी हळू.
खनिजाची लाल धूळ आम्हा दोघींवर सारखीच.
हेडफोन माझ्या हातात आला, कानाच्या उबेसकट.
उत्तर नव्हतं, म्हणून विचारलं,
त्या चराचं नाव काय होतं?

तिने सांगितलं.
गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.
गेट उघडलं, मागून हॉर्न सुरू झाले,
मी पुन्हा विचारलं.