बूट, चौदा जोड

आमच्या घरात फिन्टन किरवानचं नाव
जेवताना काढायचं नाही, असा नियम होता.
माझगावात, माथारपाखाडीत, सगळ्यांना ठाऊक होतं:
पोलू मिस्किटाने गोरा नवरा केला
आणि गोऱ्याने पगार पिऊन टाकला.

तो तारखात्यात होता, फ्लोरा फाउंटनच्या ऑफिसात.
साम्राज्याचं कट्ट-कडकट्ट त्याच्या बोटांखालून जायचं,
कापसाचा भाव, कलेक्टरची बदली,
कुठली पलटण कुठल्या बोटीत चढवायची.
लग्नाच्या आदल्या संध्याकाळी
उंबराचं पाणी आणायला बँडमागून निघाला
तेव्हा म्हणे बूट इतके चकचकीत
की बायका त्यात बघून डोईवरची फुलं सारखी करत होत्या.
सहा वर्षांनी तेच बूट
तळाला पुठ्ठा घालून डोंगरीची चढण चढत.
ट्रामचा आणा वाचवतो आणि गुत्त्यात घालतो,
पोलू म्हणायची, शेवटपर्यंत,
बोंबील साफ करता करता, बोंबलांनाच सांगितल्यासारखं.

मुलीचं नाव त्याने देलिया ठेवलं.
कोणाचं, तर एका मेलेल्या बहिणीचं.
सेवापुस्तकातही तसंच आहे, मी पाहिलंय:
बहीण, एक. मयत.

गेल्या डिसेंबरात आयर्लंडमधून, एनिसहून, एक बाई आली.
ग्रॉनिया. माझ्याच वयाची, जिना चढताना
गुडघ्यावर हात ठेवायची तऱ्हाही माझीच.
प्लास्टिकच्या फोल्डरमधून तिने मयत बहीण काढली,
जी एकोणीसशे अडुसष्टपर्यंत जिवंत होती.

देलिया किरवान. बायकांच्या तुकडीची पुढारी.
सायकलच्या हँडलमधून चिठ्ठ्या नेल्या,
लोण्याच्या डेऱ्यात दोन पिस्तुलं.
घर जाळायला शिपाई आले तेव्हा म्हणाली,
थांबा, कोंबड्या सोडते.
पुढे देश झाला,
आणि देश झाला की येतो तसा फॉर्म आला, पेन्शनचा.
रकाना सात: ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कोणी भाऊ?
तिचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं:
भाऊ नाही.

आम्ही दोघं त्या दोन शब्दांकडे बघत बसलो.
खालून भंगारवाला ओरडत गेला. चहावर साय.
मला वाटलं, चला, फिटंफाट.
त्याने तिला पुरलं, तिने त्याला जन्मालाच घातलं नाही.
भावंडंच ती.

मग ग्रॉनियाने पान उलटलं. खर्चाचा हिशेब.
पट्ट्या, आयोडिन, मेणबत्त्या,
आणि वीस सालचा हिवाळा: बूट, चौदा जोड,
डोंगरात लपलेल्या पोरांसाठी.
पैसे कोणाचे?
पूर्वेकडचा एक ओळखीचा.

मी एकतीस वर्षं जीपीओत मनीऑर्डरच्या खिडकीत काढली.
पावती नाही तर काही नाही, एवढं मला कळतं.
पूर्व केवढी मोठी. रंगून आहे, सिंगापूर आहे.
आणि तो पीतही असेल. दोन्ही करणारी माणसं
दर सात तारखेला रांगेत असायची,
चाळीस गावाकडे, दहा गुत्त्यात,
आणि कुपनावर मजकुराची जागा कोरी.

एकच गोष्ट.
देलू, माझ्या आईची आत्या, सांगायची की झोपेत
बापाची बोटं पलंगाच्या दांडीवर वाजायची.
तेच तेच, रात्रभर. पोलू म्हणे, दारूचा कंप.
सात वर्षांच्या पोरीला ते पाठ झालं.
नव्वदीतही टेबलावर वाजवून दाखवायची,
बडबडगीतासारखं, अर्थाशिवाय. तिच्याकडून मला आलं.

ग्रॉनिया गेल्यावर मी शिवडीला गेलो,
बाबल्या तांडेलकडे, तारखात्यातला, आता एका कानाने बहिरा.
त्याच्या स्टीलच्या ताटलीवर वाजवलं.
पुन्हा, म्हणाला. कान फिरवून पुन्हा.
पत्ता आहे, म्हणाला. तोही अर्धा,
गावाचं नाव तुम्ही कुठेतरी सांडलंत.
आणि मजकूर?
मजकूर नाही.