तीन सेकंद

पहाटेचे पावणेतीन. अंबड.
चार नंबरची प्रेस गप्प.
पॅनेलचं दार उघडलं तर पीएलसीवर
एकच लाल दिवा, डोळा आल्यासारखा.
बॅटरी कधीची मेलेली.
वर चिकटवलेली चिठ्ठी: बदलणे.
अक्षर माझंच.
सुट्टीच्या दिवशी वीज गेली
ती प्रोग्रॅम घेऊनच गेली.

हिरामण, आधी तो स्वेटर काढ.
निफाडकडून येणाऱ्या या कोरड्या थंडीत
लोकर चटचट बोलते,
तुला चावत नाही, पण चिपला तेवढंही पुरतं.
आता पॅनेलच्या उघड्या लोखंडाला हात लाव.
मेन बंद आहे?
मी बघितलंय. तरी तू बघ.

खैरनारांच्या जुन्या खणात
सोल्डरच्या गुंडाळीखाली चिवड्याचा डबा,
डब्यात फडकं, फडक्यात मॉड्यूल.
काडेपेटीच्या अर्ध्याएवढं.
रिटायर होताना म्हणाले होते,
हे कुणाला देऊ नको, आणि फेकू तर मुळीच नको.
मला वाटलं, म्हातारपण.

पाय काळवंडलेले.
स्पिरिटचा बोळा, हलक्या हातानं,
सोनेरी रंग दिसेपर्यंत.
बसवलं. मेन चालू. लाल.
पुन्हा बंद, पुन्हा बाहेर.
हिरामणनं जोर लावला तसा मी त्याचं मनगट धरलं:
ढकलायचं नाही रे. खाच बघ.
सुरगाण्याचं पोरगं, त्याच्या आजाच्या घराला
म्हणे एकही खिळा नाही, सगळी खाचेत खाच.
त्यानं डोळे मिटले, बोटानं कड चाचपली.
टक.

लाल. लाल.
मग हिरवा.

प्रेस चालली, पण अडखळत.
दोन्ही बटणं दाबली की थांबते,
विचार केल्यासारखी,
मग घाव.
शेवाळे धावत आले. ही म्हातारी झाली का?
शिफ्टला दोनशे नग कमी पडतील!

लॅपटॉप जोडला. सत्तेचाळिसावी ओळ.
एक टायमर, तीन सेकंद,
शेजारी शेरा नाही, तारीख नाही.
ओळखला.
नोकरीच्या पहिल्या वर्षी, वरच्यांच्या सांगण्यावरून,
उत्पादन वाढावं म्हणून
हा मीच खोडला होता.
खोडताना विचारलं नव्हतं, कुणी घातला, कशासाठी.
मॉड्यूल त्याआधीचं.

खोडायला एक बटण लागतं.
बोट त्यावर थोडा वेळ होतं.
मग नवी बॅटरी घातली, जुनी चिठ्ठी फाडली,
मॉड्यूलच्या कडेचा बारका खटका
नखानं सरकवला: लिहिणे बंद.
शेवाळेंना म्हणालो, साहेब, जुनं आहे ते,
त्याला एवढंच आठवतं.

सकाळी गेटवर
दगू पगारनं माझा पास घेतला,
नेहमीसारखा,
उजव्या हाताच्या
अंगठ्यात आणि करंगळीत.
मागं चार नंबर चालू होती.
मी उभा राहून ऐकत होतो,
घावाच्या आधीचं ते थांबणं.